श्री एकनाथ महाराज : विंचू आणि अंगारा

पैठणच्या श्री एकनाथ महाराजांचे मातापित्यांचे छत्र बालपणीच हरपले. पुढे देवगिरीस श्री जनार्दनस्वामींचा अनुग्रह लाभला. इ.स. १५७३ मध्ये काशीस त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण केली. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. शब्दाशब्दाची एवढी चाड असलेल्या नाथांनी भारुडांत मात्र जोशी, गोंधळी, वासुदेव यांची सोंगे घेतली. जोगव्याची परडी तेथे बोधाची होते. विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्यावर उतारा कोणता, तर तमोगुण सारून सत्त्वगुणाचा अंगारा लावणे! मांत्रिकाच्याच भाषेत नाथांनी मांत्रिकाची गरज संपविली, असे आम्हांस वाटते. उत्सवांतील सोंगांत पुष्कळदा विंचवाची वेदनाच रंगते आणि अंगाऱ्याचे कडवे गाळले जाते, याची खंत वाटते.