वाटाड्यांना वाटलं सोनं सापडलं, पण तो माणूस ग्रॅनाइट बघून ओरडत होता

सप्टेंबर 1785. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली ग्लेन टिल्ट नावाची दरी. साठीला टेकलेला एक माणूस नदीपात्रातल्या खडकांकडे बघून आनंदाने ओरडायला लागला. सोबतच्या वाटाड्यांची खात्री पटली, साहेबांना सोन्या-चांदीची शीर सापडली!

सापडल्या होत्या लाल ग्रॅनाइटच्या शिरा. आणि त्या माणसाचं नाव होतं जेम्स हटन.

हटनचा जन्म 1726 चा, एडिनबराचा. तीन वर्षांचा असताना वडील गेले. वकिलाकडे उमेदवारी केली, ती जमली नाही. मग 1749 मध्ये नेदरलँड्सच्या लायडनमधून डॉक्टरकीची पदवी घेतली आणि डॉक्टरकी केलीच नाही. पैसा आला तो काजळीतून. मित्रासोबत त्याने काजळीपासून नवसागर बनवायचा कारखाना काढला. आपल्याकडे भांड्यांना कल्हई करताना वापरतात, तोच नवसागर.

पुढे बरीच वर्षं त्याने शेती केली. खरा किडा तिथेच डोक्यात शिरला. दर पावसात माती वाहून समुद्राला मिळते. हे असंच चालू राहिलं तर एक दिवस जमीनच उरणार नाही. म्हणजे नवी जमीन, नवे डोंगर कुठून तरी तयार होत असणार. हटनचं उत्तर होतं, पृथ्वीच्या पोटातली उष्णता.

मार्च 1785 मध्ये एडिनबराच्या रॉयल सोसायटीत हा सिद्धांत पहिल्यांदा मांडला गेला, तेव्हा हटन आजारी होता. त्याचा निबंध मित्र जोसेफ ब्लॅकने वाचला. पण अडचण होती ग्रॅनाइटची. तेव्हा अनेक अभ्यासक मानत, की ग्रॅनाइट हा पृथ्वीवरचा सगळ्यात जुना खडक, आदिम समुद्राच्या पाण्यातून साका बसून तयार झालेला. तसं असेल तर हटनची उष्णता गेली बाराच्या भावात.

म्हणून ग्लेन टिल्ट महत्त्वाचं. तिथे लाल ग्रॅनाइट काळपट खडकांना चिरत आत घुसला होता, काही ठिकाणी त्या खडकाचे तुकडे पोटात घेऊन. आता साधा हिशोब बघा. भिंत आधी असल्याशिवाय तिच्या भेगेत सिमेंट भरता येत नाही. म्हणजे काळपट खडक जुना आणि ग्रॅनाइट नंतरचा, खालून वितळलेल्या अवस्थेत वर आलेला.

सगळ्यांना हे पटलं नाही. 1793 मध्ये रिचर्ड कर्वनने तर हटनचे विचार धर्माविरुद्ध असल्याची टीका केली. हटन तेव्हा पुन्हा गंभीर आजारी होता, तरी 1795 मध्ये त्याने दोन खंडांचा ग्रंथ काढलाच. भाषा मात्र इतकी बोजड, की 1797 मध्ये तो गेल्यावर मित्र जॉन प्लेफेअरला तेच सगळं सोपं करून लिहावं लागलं.

ग्लेन टिल्टचं सविस्तर वर्णन तिसऱ्या खंडाच्या हस्तलिखितात होतं. ते छापून यायला 1899 उजाडलं.

हटनला क्रम कळला होता, वर्षं मोजायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. ते विसाव्या शतकात मिळालं. ग्रॅनाइटमध्ये झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात. त्यांच्यातल्या युरेनियमचं ठरावीक वेगाने शिसं होत जातं. दोन्हींचं प्रमाण मोजलं की ग्रॅनाइट कधी थिजला ते कळतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या बऱ्याच ग्रॅनाइटचं वय सुमारे 40 कोटी वर्षं निघतं. एक प्राचीन महासागर मिटून भूखंड एकमेकांना भिडले, कॅलेडोनियन पर्वतरांग उभी राहिली, त्याच घडामोडींच्या सुमाराचं.

ती उंच रांग केव्हाच झिजली, माती समुद्राला मिळाली. तिच्या पोटात थिजलेला ग्रॅनाइट मात्र उघड्यावर आला, टिल्ट नदीच्या पात्रात.