चांभाराची रापी आणि लौरी रापाला

मॅगझिनच्या मराठी विभागात थोर व्यक्तींवरचे लेख म्हटले की विश्वेश्वरय्या आणि जेआरडी ठरलेले. त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण यंदा मी एका मासेमाऱ्यावर लिहितोय. शाळा जेमतेम शिकलेला, फ्लुइड मेकॅनिक्सचं नावही न ऐकलेला माणूस. पण त्याने जे बनवलं ते थर्ड सेमच्या आमच्या लॅबमधल्या कुठल्याही मॉडेलपेक्षा भारी आहे.

लौरी रापाला. जन्म १९०५, फिनलंडमधल्या सुस्मा गावाजवळचा. त्याचं आडनाव मुळात रापाला नव्हतंच. लहानपणी आई मारी त्याला घेऊन शेजारच्या असिक्काला परगण्यात राहायला आली. तिथल्या पाद्रीबुवांना नोंदवहीत आडनाव लिहायचं होतं, ते काही आठवेना. मग त्यांनी मायलेक ज्या वाडीतून आले तिचंच नाव लिहून टाकलं. फिनिश भाषेत 'रापा' म्हणजे चिखल. म्हणजे बघा, जगातल्या लाखो डब्यांवर छापलेलं हे नाव एका कारकुनी अडचणीतून आलंय. (आमच्या हॉलतिकिटावर नाव चुकलं की निदान दुरुस्तीचा फॉर्म तरी मिळतो.)

१९२८ साली लग्न झालं, बायकोचं नाव एल्मा. मग मुलं. घरात दोन वेळची भ्रांत. लौरी कधी जंगलात लाकूडतोडीला जाई, कधी शेतावर मजुरी करी, आणि उन्हाळ्यात पाय्याने नावाच्या प्रचंड तळ्यात मासे धरी. लांबच लांब दोरीला शेकडो गळ बांधायचे, प्रत्येकाला जिवंत छोटा मासा आमिष म्हणून लावायचा, आणि मैलोनमैल होडी वल्हवायची. यात सगळ्यात जास्त वेळ खायचं ते आमिष लावण्याचं काम. जितका वेळ गळाला आमिष लावण्यात, तितका वेळ मासे धरण्यातून कमी. आणि मासे कमी म्हणजे घरी भाकरी कमी, इतका सरळ हिशोब.

होडीत बसल्या बसल्या तो पाण्यात बघत राहायचा. त्याला एक गोष्ट दिसली. छोट्या माशांचा थवा चाललेला असतो, खालून पाईक किंवा ट्राउट येतो, पण समोर येईल त्याला तो धरत नाही. शेकडो माशांतून तो नेमका एकच निवडतो. कुठला? जो जरा तिरका, लडखडत पोहतोय तो. जखमी, आजारी, कमजोर. शिकाऱ्याला कमी मेहनतीत जेवण हवं असतं. मला वाटतं लौरीचं खरं इंजिनिअरिंग इथेच झालं, बाकी सगळी कारागिरी.

कारण आता प्रॉब्लेम स्टेटमेंट स्पष्ट होतं. माशासारखी दिसणारी वस्तू नकोय, लंगडणाऱ्या माशासारखी *चालणारी* वस्तू हवीय. १९३६ साली त्याने बुचाचा एक तुकडा घेतला. चांभाराची रापी आणि सँडपेपर, एवढीच हत्यारं. (रापालाच्या हातात रापी! हा योगायोग फक्त मराठीतच जमतो.) वरून चॉकलेटची चांदी गुंडाळली, म्हणजे खवल्यांची चमक आली. लॅकर विकत घ्यायला पैसे नव्हते, तर फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. आणि तो मासा पाण्यात लडखडला.

तो का लडखडतो हे आपल्याला कळण्यासारखं आहे. तोंडाशी एक तिरकी जीभ असते. दोरी ओढली की पाणी त्या जिभेवर दाब देतं आणि नाक खाली जातं, हलकं अंग वर येऊ बघतं. जिभेच्या कडांवरून भोवरे आळीपाळीने डावीकडून, उजवीकडून सुटतात, आणि अंग हेलकावे खातं. पण यात एक गोम आहे. दोरी नाकाला घट्ट गाठीने आवळली तर डोकं जखडतं आणि लंगडणं मरतं. म्हणून गाठ सैल फाशाची लागते, ज्यात नाकातली कडी मोकळी हलते. त्या गाठीला आजही रापाला गाठ म्हणतात.

इथे एक तुलना करावीशी वाटते. १९४९ च्या सुमारास अमेरिकेत ओहायोमधल्या ॲक्रनला निक क्रीम आणि त्याच्या बायकोने घरच्या शेगडीवर मऊ प्लास्टिकचा गांडूळ बनवला, बास माशासाठी. तिथे युक्ती सगळी गळ टोचण्यात. दोरीत आधी बंदुकीच्या गोळीसारखं शिसं ओवायचं, गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून थोडं आत घालून बाहेर काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक परत अंगात लपवायचं. मग तो शेवाळात, झुडपात अडकत नाही. त्याला टेक्सास रिग म्हणतात. लौरीच्या लाकडी माशाचे गळ उघडे लोंबतात, शेवाळात तो हमखास अडकणार. त्याचं राज्य मोकळ्या पाण्यात.

पुढे युद्ध आलं, बुच मिळेना, तर झाडाची साल वापरली. नंतर बाल्सा लाकूड. मुलं कोरायला शिकली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आलेले पाहुणे हे मासे घेऊन गेले. १९५९ मध्ये मिनेसोटाचा सेल्समन रॉन वेबर याने ते पाहिले आणि रे ऑस्ट्रम याच्याबरोबर अमेरिकेत आणले. मग १९६२ च्या ऑगस्टमध्ये 'लाइफ' मासिकात लेख आला, आणि नशीब असं की त्याच अंकाच्या कव्हरवर नुकतीच गेलेली मेरिलिन मन्रो. अंक तुफान खपला. ऑर्डरी लाखोंच्या घरात.

खरी परीक्षा ही होती. एक घर, थोडे हात, आणि एवढी मागणी. दुसरा कोणी असता तर साचा काढून माल ओतला असता आणि टेस्टिंगवर काट मारली असती. लौरीचा नियम होता, प्रत्येक नग पाण्यात ओढून बघायचा. कारखाना उभा राहिला तरी टाकी राहिली. नग डावीकडे पळत असेल तर नाकातली कडी पकडीने किंचित उजवीकडे वाकवायची, पुन्हा ओढायचा. नीट चालला तर डब्यात.

२० ऑक्टोबर १९७४ ला लौरी गेला. टाकीत ओढून बघायचं काम मुलांनी चालू ठेवलं.