हॅरी अ‍ॅन्सलिंगर : करखात्यातला कोतवाल

कर बसविण्यासाठी केलेल्या कायद्याने माणसे तुरुंगात कशी जातात, हे पाहायचे असेल तर हॅरी अ‍ॅन्सलिंगर या अमेरिकन अधिकाऱ्याचे चरित्र पाहावे.

त्यांचा जन्म १८९२ साली पेन्सिल्व्हेनियातील अल्टूना या रेल्वेच्या गावी झाला. आधी रेल्वेत तपासनीस, मग परराष्ट्र खाते, नंतर दारूबंदी खाते, अशी त्यांची वाटचाल झाली. १९३० मध्ये अर्थखात्याने अंमली पदार्थांसाठी वेगळे खाते काढले व त्याचे पहिले आयुक्त म्हणून अ‍ॅन्सलिंगर नेमले गेले. १९६२ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते!

१९३३ मध्ये दारूबंदी उठली, पण अफू, कोकेनवरील निर्बंध राहिले. १९३७ मध्ये त्यांच्या आग्रहाने गांजावर कर बसला. नोंदणी नसलेल्याला माल दिल्यास औंसाला १०० डॉलर! हा कर वसूल व्हावा अशी इच्छाच नव्हती. न भरणारा मात्र गुन्हेगार ठरे. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध कोणी मनावर घेतला नाही. पुढे १९५१ व १९५६ च्या कायद्यांनी किमान शिक्षा सक्तीची करून न्यायाधीशांचे हात बांधले.

यातून पोलिसांचे काम पालटले. घरात चोरी झाली की फिर्यादी आपणहून चौकीवर येतो. येथे विकणारा राजी आणि घेणाराही राजी. फिर्याद कोण करणार? म्हणून पोलिसाने गिऱ्हाईक बनून माल घ्यायचा, पैसे देऊन खबरे पोसायचे, ही पद्धत रुळली. बिली हॉलिडे या नामांकित गायिकेला १९४७ मध्ये याच खात्याने पकडून तुरुंगात धाडले. १९५९ मध्ये ती इस्पितळात मरणाच्या दारी असताना न्यूयॉर्क पोलिसांनी तिला पुन्हा अटक केली.

अ‍ॅन्सलिंगर यांच्या पदरी एक श्रेय जरूर टाकावे लागते. संघटित गुन्हेगारी आहे हेच इतर अधिकारी मानत नव्हते, तेव्हा त्यांच्या खात्याने माफियांचा माग काढला. परंतु रोख पैसा आणि खबरे यांत वावरणारे हात स्वच्छ राहिले नाहीत. १९६८ मध्ये हे खाते मोडले, त्या सुमारास त्याच्या न्यूयॉर्क कचेरीतील लाचखोरीची चौकशी चालू होती.

१९७५ मध्ये त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, भारतानेही आंतरराष्ट्रीय करारांना अनुसरून कडक कायदा केला. त्यातून भांग वगळली, पण किमान शिक्षा आली, आणि फिर्यादी नसलेल्या गुन्ह्याचा शोध आपल्या पोलिसांच्याही वाट्याला आला. व्यसनी माणूस डॉक्टरकडे पाठवावा की कोठडीत, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.