रोज एक मिलिमीटर

हाड मोडायला क्षण पुरतो, जुळायला मात्र सबुरी लागते. ही सबुरी किती आणि कशी असावी, हे एका आडगावच्या डॉक्टरने अवघ्या जगाला शिकवले. त्यांचे नाव गव्रील इलिझारोव्ह. अपघातानंतर पायाभोवती धातूच्या कड्या आणि आरपार तारा बसवलेला रुग्ण आपल्या गावातही अधूनमधून दिसतो. हाडांचे डॉक्टर त्या कड्यांना आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

इलिझारोव्ह यांचा जन्म १५ जून १९२१ रोजी पोलंडमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण गेले ते अझरबैजानच्या डोंगराळ भागातील कुसार या गावी. तिथली बहुतेक वस्ती लेझगी मुसलमानांची. भावंडांत ते थोरले. घरची गरिबी एवढी की शाळेचे तोंड पाहायला अकरा-बारा वर्षे उलटली. तरीही उशिरा सुरू झालेले शिक्षण त्यांनी झपाट्याने पुढे नेले आणि १९३९ मध्ये क्रिमियातील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवला. दोनच वर्षांत युद्ध दारात आले आणि संपूर्ण महाविद्यालय कझाकस्तानात हलवावे लागले. १९४४ मध्ये पदवी हाती पडली आणि नेमणूक झाली सायबेरियातील कुर्गान प्रांतातल्या दोल्गोव्का या खेड्यात.

ते दिवस युद्धातून परतणाऱ्या जखमींचे होते. कुणाचे हाड वर्षानुवर्षे जुळत नव्हते, कुणाचा पाय वाकडा, कुणाचा आखूड. महिनोन् महिने प्लास्टर घालून पडून राहणे हाच उपाय होता आणि तोही अनेकदा वाया जाई. तरुण डॉक्टर यावर विचार करत राहिले. १९५० च्या सुमारास ते कुर्गान शहराच्या रुग्णालयात आले आणि त्यांनी एक साधे यंत्र तयार केले. पायाभोवती कड्या, हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक तारा आणि कड्यांना जोडणारे नट लावलेले दांडे. सायकलचे आरे चाक ताठ धरतात, तशा या ताणलेल्या तारा हाडाला धरून ठेवत. रुग्ण त्याच पायावर उभा राहून चालू शके.

मूळ उद्देश मोडलेली टोके एकमेकांवर दाबून धरण्याचा होता. पण एका रुग्णाने नट उलट्या बाजूला फिरवले आणि टोके दूर गेली, असे सांगतात. क्ष-किरण चित्रात त्या फटीत नवे हाड तयार होताना दिसले. दुसऱ्या कुणी ती चूक दुरुस्त करून विषय संपवला असता. इलिझारोव्ह यांनी त्या चुकीचा अभ्यास करण्यात पुढचे आयुष्य घातले.

त्या अभ्यासाचे मर्म रक्तात होते. हाड हा जिवंत अवयव आहे. नडगीच्या हाडात वरच्या भागात मागच्या बाजूने एक धमनी शिरते आणि आतल्या मगजाला व हाडाच्या आतील थराला रक्त पुरवते. बाहेरून हाडावर एक पातळ आवरण असते, त्यातही बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. करवत सरळ आरपार चालवली तर हे सारेच तुटते, शिवाय घर्षणाच्या उष्णतेने पेशी मरतात. म्हणून इलिझारोव्ह यांनी करवत बाजूला ठेवली. कातडीला लहानसा छेद द्यायचा, आवरण हलकेच उचलायचे, अरुंद पटाशीने हाडाचे फक्त बाहेरचे कठीण कवच कापायचे आणि आतला मगज राखायचा. जिथे पटाशी पोहोचत नाही तो मागचा भाग कड्यांना किंचित पीळ देऊन मोडायचा. कापण्याची जागा शक्यतो गुडघ्याजवळची, कारण तिथले हाड रुंद आणि रक्ताने समृद्ध असते. तारा टोचतानाही तीच दक्षता हवी. पायाच्या प्रत्येक उंचीवर धमनी, शिरा आणि मज्जातंतू कुठून जातात हे ठाऊक नसेल, तर एक तार पाय गमावण्याचे कारण ठरू शकते.

कापल्यावर लगेच ताणायचे नाही. पाच ते सात दिवस थांबायचे, म्हणजे तुटलेल्या बारीक वाहिन्या सावरतात. मग रोज एक मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. कुत्र्यांवरील प्रयोगांत त्यांनी वेग बदलून पाहिला. रोज अर्धा मिलिमीटर ताणले तर हाड बरेचदा वेळेआधीच जुळून जाई. दोन मिलिमीटर ताणले तर ऊतींना इजा होई. योग्य वेगाने मात्र फटीत नव्या रक्तवाहिन्या ताणाच्या दिशेने वाढत आणि त्यांच्या सोबतीने हाड भरत जाई. स्नायू, नसा, कातडीही वाढत. पाच सेंटिमीटर लांबीसाठी पन्नास दिवस ताण आणि नंतर नवे हाड पक्के होईपर्यंत आणखी काही महिने. पुढे इतरांच्या प्रयोगांत दिसले की मगजातील वाहिनी तुटली तरी ती काही दिवसांत पुन्हा उभी राहते, बाहेरचे आवरण जपणे अधिक मोलाचे. पण हाडाचे रक्त राखा, हा त्यांचा मूळ धडा कायम राहिला.

मॉस्कोच्या बड्या डॉक्टरांना हे पटायला फार वेळ लागला. खेड्यातल्या या सर्जनची कुलूप दुरुस्त करणारा कारागीर म्हणून हेटाळणी झाली. अखेर १९६८ मध्ये उंच उडीतील ऑलिम्पिक विजेते व्हॅलेरी ब्रूमेल त्यांच्याकडे आले. १९६५ च्या मोटारसायकल अपघातात त्यांचा पाय चिरडला होता आणि अनेक शस्त्रक्रिया करूनही तो बरा होत नव्हता. कुर्गानमध्ये पाय जुळला, लांबीही भरून निघाली आणि ब्रूमेल पुन्हा मैदानात उतरले. १९७१ मध्ये कुर्गानला स्वतंत्र संशोधन संस्था मिळाली, १९७८ मध्ये लेनिन पुरस्कार.

१९८० मध्ये इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी तिथे आले. जुन्या फ्रॅक्चरमुळे ते बरीच वर्षे लंगडत होते. ते सरळ चालत मायदेशी परतले तेव्हा तिथले डॉक्टर थक्क झाले. १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोव्ह यांना इटलीला बोलावले आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. जन्मतः आखूड पाय, पोलिओने मागे राहिलेला पाय, संसर्गाने खाल्लेले हाड, अशा असंख्य रुग्णांना तिने उभे केले.

२४ जुलै १९९२ रोजी कुर्गानमध्येच त्यांचे निधन झाले. कीर्ती मिळाल्यावरही त्यांनी ते दूरचे शहर सोडले नाही. आज ज्याच्या पायात त्या कड्या आहेत, तो किंवा त्याच्या घरचे कुणीतरी दिवसातून चार वेळा नट थोडासा फिरवतात. एका वेळी डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. काही महिन्यांनी मात्र ते माणूस दोन्ही पाय टेकवून उभे राहते.