फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीत झाला. त्या इंग्रज होत्या. लहानपणी त्यांनी एका मेंढपाळाच्या कुत्र्याचा दुखरा पाय शेकून बरा केला, असे सांगतात. १८५४ साली त्यांनी जखमी सैनिकांची सेवा केली. रात्री त्या दिवा घेऊन फिरायच्या. १८५९ साली त्यांनी पुस्तक लिहिले. फार दिवस आजारी माणसाला छोटा पाळीव प्राणी चांगली सोबत करतो, असे त्यात आहे. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या वारल्या.

आता मुंबई-पुण्यात शिकवलेले कुत्रे शाळेत, दवाखान्यात नेतात. माझी आजी ओरोसच्या इस्पितळात होती, तेव्हा रोज आमच्या मोत्याचीच चौकशी करायची. ती घरी आली तेव्हा मोत्या तिच्या खाटेजवळून हललाच नाही. त्या दिवशी आजी पोटभर पेज जेवली. म्हणून मला नाइटिंगेलबाई आवडतात.