मारिया गोपर्ट-मायर

मारिया गोपर्ट-मायर यांचा जन्म २८ जून १९०६ रोजी तेव्हाच्या जर्मनीतील काटोव्हिट्झ येथे झाला. हे शहर आता पोलंडमध्ये आहे. त्यांचे वडील गॉटिंगेन विद्यापीठात बालरोगशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलीने केवळ गृहिणी होऊन राहू नये, अशी त्यांची इच्छा होती. त्याच विद्यापीठात माक्स बॉर्न यांच्या मार्गदर्शनाखाली मारिया यांनी १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली.

त्याच वर्षी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जोसेफ मायर यांच्याशी विवाह करून त्या अमेरिकेत गेल्या. पती-पत्नींना एकाच विद्यापीठात नोकरी न देण्याचा नियम तेथे अनेक ठिकाणी होता. बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि शिकागो येथील विद्यापीठांत मारिया यांनी बहुतेक काळ विनावेतन किंवा अल्प मोबदल्यावर काम केले. परंतु संशोधनात खंड पडू दिला नाही.

शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत १९४६ मध्ये अर्धवेळ नोकरी मिळाल्यावर त्या अणुकेंद्रकाच्या अभ्यासाकडे वळल्या. प्रोटॉनांची वा न्यूट्रॉनांची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ असली, की केंद्रक विशेष स्थिर असते. उदाहरणार्थ, कथिलात ५० प्रोटॉन असतात आणि त्याची स्थिर समस्थानिके १०, म्हणजे सर्व मूलद्रव्यांत सर्वाधिक आहेत. असे का, हे कोडे होते.

एन्रिको फर्मी यांच्या एका प्रश्नाने त्यांना दिशा मिळाली. केंद्रकातील कण कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकाबाहेर एक अशा कवचांत असतात. प्रत्येक कण स्वतःभोवतीही फिरतो व कक्षेतही फिरतो. या दोन गतींची दिशा एक असेल तर त्याची ऊर्जा कमी, विरुद्ध असेल तर जास्त असते. हा फरक हिशेबात घेताच कवचे नेमकी त्याच संख्यांना पूर्ण भरतात, असे त्यांनी १९४९ मध्ये दाखवले.

त्याच सुमारास जर्मनीत हान्स येन्सन व त्यांचे सहकारीही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते. मारिया यांनी स्पर्धेऐवजी मैत्री केली. दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पूर्णवेळ, सवेतन प्राध्यापकपद त्यांना १९६० मध्ये कॅलिफोर्नियात मिळाले. त्यानंतर लवकरच पक्षाघाताचा झटका आला, तरीही त्यांनी काम सोडले नाही. १९६३ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मारिया व येन्सन यांना विभागून मिळाला. मादाम क्युरी यांच्यानंतर भौतिकशास्त्रात हा मान मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला होत. तिसऱ्या महिलेस तो २०१८ मध्ये मिळाला.

२० फेब्रुवारी १९७२ रोजी सॅन डिएगो येथे त्यांचे निधन झाले. ज्ञानाची ओढ खरी असेल तर पद आणि वेतन यांची वाट न पाहताही माणूस मोठे काम उभे करू शकतो. पण त्यासाठी एका विदुषीला तीस वर्षे थांबावे लागले, हेही समाजाने विसरू नये.