सुगरणीचं गुपित उलगडणारे डॉ. सलीम अली

पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या भातशेतीकडे सुगरणीचे खोपे लोंबताना दिसतात. हे खोपे विणणाऱ्या पाखराची अक्कल आपल्याच रायगड जिल्ह्यात, किहीमला, डॉ. सलीम अलींनी अभ्यासली.

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत जन्मलेले सलीम अली लहानपणीच यतीम झाले. मामू अमीरुद्दीन तय्यबजींनी त्यांना वाढवलं. पुढे म्युझियममध्ये नोकरी लागली. रजा काढून ते बर्लिनला पक्ष्यांचा अभ्यास शिकायला गेले. 1930 साली परतले, तर पैशाअभावी ती जागाच बंद झालेली. दुसरी मिळेना. मग बेगम तेहमिनांसोबत ते किहीमला राहायला गेले.

तिथे त्यांनी सुगरणीवर नजर ठेवली. नाव बाईचं, पण खोपा विणतो नर! अर्धा विणून थांबतो. मादी येते, आत शिरून पारखते. पसंत पडला तरच संसार. मग नर खोपा पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवा विणायला घेतो. पसंत न पडलेले खोपे अर्धेच लटकत राहतात.

बेकारीच्या त्याच दिवसांतल्या कामाने त्यांचं नाव झालं. 1976 साली पद्मविभूषण मिळाला. 20 जून 1987 रोजी त्यांचा इंतकाल झाला.

यंदा मुलांना शेतावर न्या, अर्धे खोपे दाखवा. ते अर्धे का राहिले, हे आता सांगता येईल.